जिल्ह्याचा आकडा आणि दंडाची पट्टी

स्वारगेटहून एसटीनं वेल्हे, तिथून पाऊण तासाची चढण. वाडीवरच्या अंगणवाडीत ताईंनी दीड वर्षाच्या मुलीच्या डाव्या दंडाभोवती कुपोषण ओळखायची पट्टी गुंडाळली. पट्टीवर तीन रंग असतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. पट्टी पिवळ्यावर थांबली. "मागच्या महिन्यात पण इथंच होती बघा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत नोंद केली.

ही वाडी पुणे जिल्ह्यात येते. पुण्याच्याच 'यशदा' या सरकारी प्रशिक्षण संस्थेनं तयार केलेल्या २०१२च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात पुणे जिल्ह्याचा निर्देशांक ०.८१४ आहे. मुंबईच्या ०.८४१ खालोखाल हाच. राज्याचा ०.७५२, तर तळाला असलेल्या नंदुरबारचा ०.६०४. त्या ०.८१४मध्ये हिंजवडीचे पगार आहेत, कोथरूडच्या शाळा आहेत आणि ही मुलगीही आहे.

मानव विकास निर्देशांक १९९०मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातून मांडला. अमर्त्य सेन यांच्या विचाराचा त्यामागे मोठा आधार होता. माणूस किती जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो, या तीन गोष्टी शून्य ते एकच्या मोजपट्टीवर आणायच्या. आयुर्मानासाठी २० वर्षं म्हणजे शून्य आणि ८५ म्हणजे एक. सरासरी ७० वर्षं जगणाऱ्यांना ६५ पैकी ५० वर्षांचे गुण, म्हणजे ०.७७. जिल्हा पातळीवर आयुर्मान सहजी मिळत नाही, म्हणून तिथं मोजमाप थोडं बदलावं लागतं, पण गाभा तोच.

मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते उत्पन्नाचं गणित. तिथं किती रुपये वाढले यापेक्षा किती पट झाले ते मोजतात. दहा हजारांचे वीस हजार झाले काय आणि एक लाखाचे दोन लाख झाले काय, गुण सारखेच वाढतात. ज्याच्या घरात डाळ महिन्यातून दोनदा शिजते त्याला मिळालेले हजार रुपये आणि आपल्याला मिळालेले हजार रुपये एक नव्हेत, हे या सूत्राला कळतं. २०१०पासून तिन्ही गुणांची साधी सरासरी न काढता त्यांचा गुणाकार करून घनमूळ काढतात. ०.९, ०.९ आणि ०.३ यांची साधी सरासरी ०.७० येते, घनमूळ मात्र ०.६२. पैसा भरपूर असला म्हणून शिक्षणातली उणीव झाकली जात नाही.

पण हे तीन गुणांपुरतंच. माणसामाणसांमधली दरी हे सूत्र पाहत नाही, आणि जिल्ह्याची सरासरी काढली की एका टोकाचं सुख दुसऱ्या टोकाचं दुःख गिळून टाकतं.

महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलावर पहिला मोठा हिशेब वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४मध्ये मांडला. दांडेकर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीमागे किती, हे काढून त्यांनी सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. काम मोलाचंच, पण एकक होतं जिल्हा. त्या चाळणीत वेल्हे अडकतच नाही, कारण पुण्याची सरासरी त्याला वर धरून ठेवते. पानशेतचं धरण याच तालुक्यात आहे. पुणे शहरात आपल्या नळाला ज्या धरणांचं पाणी येतं, त्यांतलं हे एक. आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळात पाऊस फारसा मुरत नसल्यानं वरच्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया हंडा घेऊन झऱ्यावर रांगेत बसतात. पाणी आणण्यात गेलेला वेळ मुलाला भरवण्यातून वजा होतो.

दरी मोजली की भरताही येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. शेजारच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. ना मोठं इस्पितळ, ना मोठा रस्ता. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली.

परत निघताना ताईंची वही चाळली. नाव, वय, घेर, वजन. पंधरा मुलांची पंधरा पानं, प्रत्येकाचा आकडा वेगळा. त्या मुलीच्या पानावर पुढच्या भेटीची तारीख आठ दिवसांनंतरची होती.