सीनाकाठची पडलेली घरे आणि गृहकर्जाचा न सुटलेला प्रश्न

सप्टेंबर 2025मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना वेढा घातला. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये मिळतात. एवढ्या रकमेत आज दोन खोल्यांचे टिकाऊ घर पुरे होत नाही. उरलेला पैसा मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाने कोठून आणायचा, हा प्रश्न जुना आहे.

30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली, तर सोलापूरसह इतर जिल्ह्यांतही जुनी घरे दुरुस्त आणि बळकट करण्यासाठी अनुदान देण्यात आले. काम जसजसे पुढे सरकेल तसतसा पुढचा हप्ता, ही त्यातील पद्धत आणि गावोगावी संवाद सहायक (गावकरी आणि प्रशासन यांच्यातील दुवा) म्हणून उभ्या राहिलेल्या महिला यांमुळे घरमालक स्वतः बांधकामाची देखरेख करू लागला. हे काम माझ्या मते पुढील सर्व योजनांपेक्षा अधिक शहाणपणाचे होते. मात्र तो सारा पैसा अनुदानाचा होता. गरीब कुटुंबाला बँकेच्या दारात नेणारी कायमची व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही.

त्या भूकंपाने ज्या घरांचे दोष उघडे पाडले, तीच माळवदाची घरे आजही या भागात आहेत. दगड आणि मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही रचना उन्हाळ्यात घर थंड ठेवते. परंतु संततधार पावसात माती पाणी पिऊन जड होते, तुळई वाकते आणि भिंतीचा आतला भराव सुटतो. भिंत उभी दिसली तरी आतून पोकळ झालेली असते. पंचनाम्यात मात्र हे घर बहुधा ‘अंशतः’ या रकान्यात जाते आणि कुटुंबाच्या हाती काही हजार रुपये येतात.

सोलापूर शहराच्या परिसरात भूकंपानंतरच्या वर्षांत वेगळा अनुभव आला. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि 2006मध्ये तिचे लोकार्पण झाले. केंद्र, राज्य आणि कामगार या तिघांनी खर्चाचा भार वाटून घेतला होता. पुढे तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पात प्रत्येक घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये अनुदान ठरले. जानेवारी 2024मध्ये त्यांतील पंधरा हजार घरे सुपूर्द झाली. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने हे साध्य केले. एकेकट्या विडी कामगार महिलेकडे पगाराची पावती नसते, कारण तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पण हजारो महिला सहकारी संस्थेत एकत्र आल्या आणि त्यांना स्वतःची जमीन मिळाली, तेव्हा घराचा पैसा उभा राहू शकला.

पुरात घर गमावलेल्या कुटुंबामागे अशी संस्था नसते. गावठाणातील जागेला बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, एवढाच आधार असतो, वारसनोंदी रखडलेल्या असतात आणि बँक तारणासाठी निर्वेध मालकी मागते. ग्रामीण घरकुल योजनेत 70,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद आहे, पण कागद अपुरे असले की तीही कागदावरच राहते. रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीविषयक सूचनांचा मुख्य भर आधीच घेतलेल्या कर्जाच्या पुनर्रचनेवर आहे. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याला तिचा उपयोग नाही. मग सोनेतारण, सावकार किंवा मायक्रोफायनान्सचे साप्ताहिक हप्ते एवढेच मार्ग उरतात, आणि आठवड्याला परतफेड करावे लागणारे कर्ज वीस वर्षे टिकणाऱ्या भिंतीसाठी घेणे कोणत्याही मजुराला झेपणारे नाही.

अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जाला तारणाविना हमी देणारा निधी केंद्राने 2012मध्येच स्थापन केला आणि शहरी आवास योजनेच्या 2024मधील दुसऱ्या टप्प्यात त्याची रक्कम 1,000 कोटींवरून 3,000 कोटी रुपयांवर नेण्यात आली. हा निधी शहरी भागातील कर्जदारांसाठी आहे. सीनाकाठच्या गावांतील कुटुंबे त्याच्या कक्षेत येत नाहीत.