सिन्स आणि फॉर (कालवाचक)

एखादी गोष्ट किती काळ चालू आहे हे सांगताना इंग्रजीत वापरले जाणारे दोन शब्द. ‘सिन्स’पुढे काळाची सुरुवात येते: सिन्स मंडे, सिन्स 1885. ‘फॉर’पुढे काळाची लांबी येते: फॉर थ्री डेज, फॉर अ लाँग टाइम. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालते आणि घोळ तिथेच होतो. ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ ही दोन्ही वाक्ये मराठीत बिनचूक आहेत. इंग्रजीत मात्र दुसऱ्याचे ‘सिन्स थ्री डेज’ होऊन बसते. पेठेतल्या दवाखान्यापासून हिंजवडीतल्या मुलाखतीपर्यंत हे रूप सर्रास ऐकू येते.

यात शाळेचाही थोडा हात आहे. ‘फॉर म्हणजे साठी’ हे लहानपणी इतके पक्के होते की ‘फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणताना मनात ‘पाच वर्षांसाठी’ उमटते. जणू भाडेकरार करून राहिलो आहोत. मग जीभ आपोआप ‘सिन्स’कडे वळते.

ओळखण्याची खूण मराठीतच सापडते. वाक्यातले ‘पासून’ काढून पाहावे. ‘मी पाच वर्षं पुण्यात राहतोय’ हे वाक्य उभे राहते, म्हणून तिथे ‘फॉर’. ‘मी 2019 पुण्यात राहतोय’ हे कोसळते, म्हणून तिथे ‘सिन्स’. ‘बऱ्याच दिवसांपासून’चे ‘बरेच दिवस’ होते; ‘लहानपणापासून’चे तसे काही होत नाही. खूण फसते ती भविष्यकाळात. ‘उद्यापासून पाणी एक दिवसाआड’ या पुणेकरांच्या ओळखीच्या वाक्यात ‘सिन्स’ चालत नाही, ‘फ्रॉम टुमॉरो’च म्हणावे लागते, कारण कालवाचक ‘सिन्स’ची नजर नेहमी मागे असते.

खरी पंचाईत काळाची आहे. मराठीला इथे नुसता वर्तमानकाळ पुरतो: ‘राहतो’, ‘राहतोय’. इंग्रजीला पूर्ण वर्तमानकाळ लागतो: ‘आय हॅव लिव्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या सुधारण्याच्या नादात ‘आय लिव्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटले तर व्याकरण शुद्ध, पण ऐकणारा समजतो की गृहस्थ पुणे सोडून गेले. गृहस्थ तर कोथरूडातच बसलेले असतात. ‘फॉर’ कोणत्याही काळाशी जुळवून घेतो, त्यामुळे अर्थ सगळा क्रियापदावर पडतो.

मराठीची रीत काही जगावेगळी नाही. हिंदीतले ‘से’ तसेच वागते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्याला तर ‘झाइट’ हा शब्द घरचाच वाटावा: आरंभ असो वा लांबी, दोन्हींना तोच, आणि क्रियापद मराठीसारखे साध्या वर्तमानकाळात. फ्रेंच ‘देप्युई’चेही तेच.

दोन्ही शब्दांना काळाबाहेरही कामे आहेत. ‘फॉर’ची यादी लांबलचक आहे. ‘सिन्स’ कारण सांगतो, तेही बहुधा ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले. आपल्या ‘ज्याअर्थी’च्या जवळचे. दुकानांच्या पाट्यांवर पूर्वी ‘स्थापना’ लिहून सन देत, तिथे आता ‘सिन्स’ दिसतो. त्याला क्रियापद नसते, त्यामुळे चुकायला वावच नाही.

आरंभबिंदू तारखेचाच असावा लागतो असे नाही, घटनाही चालते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून शहरात पूर आला, आणि जुने पुणेकर अजूनही ‘पानशेतच्या आधी’, ‘पानशेतनंतर’ असा काळ मोजतात. त्यांचे ‘पानशेतपासून’ इंग्रजीत सरळ ‘सिन्स द पानशेत फ्लड’ होते. ‘इट इज मेनी इयर्स सिन्स द पानशेत फ्लड’ या वाक्यात ‘इयर्स’ आणि ‘सिन्स’ शेजारी बसलेले पाहून दचकू नये: वर्षे ‘सिन्स’च्या अलीकडे आहेत, पलीकडे पूरच आहे.