बिघाड आधी आपल्या मशीनवर घेणारी माणसं

सप्टेंबर २००८ मध्ये जगात ठिकठिकाणी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्या काही लोकांच्या संगणकांचं नेटवर्क गेलं. केबल ठीक होती, राउटर ठीक होता. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, जुनी आवृत्ती चढवली, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून पाहिली, तरी उपयोग शून्य. नेटवर्क कार्ड बसवलेलं आहे हेच मशीनला ओळखू येईना. या कार्डासाठी एक छोटी कायमस्वरूपी मेमरी असते. कार्डाचा स्वतःचा पत्ता आणि त्याची जुळवणी तिच्यात लिहिलेली असते. त्या मेमरीतला मजकूरच नासला होता. एरवी सॉफ्टवेअरचा दोष पुन्हा इन्स्टॉल केल्यावर जातो, इथे मात्र सॉफ्टवेअरने हार्डवेअर बिघडवलं होतं.

या सगळ्या मशीनवर एक गोष्ट समान होती: लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, २.६.२७ ही आवृत्ती, जी अजून प्रसिद्धच झाली नव्हती. उबंटू, ओपनसुसे हे या कर्नलभोवती बांधलेले लिनक्सचे तयार संच. कोणी उबंटूची अल्फा म्हणजे अगदी कच्ची आवृत्ती चालवत होतं, कोणी ओपनसुसेची बीटा म्हणजे जवळजवळ तयार आवृत्ती. त्यांत पगारी अभियंते होते, तसे निव्वळ हौसेने हे काम करणारेही होते. ऑक्टोबरमध्ये २.६.२७ अधिकृतपणे बाहेर पडली तेव्हा तुमच्या-माझ्या मशीनचं कार्ड शाबूत राहिलं, कारण त्याआधी यांची कार्डं गेली होती.

संशय साहजिकच इंटेलच्या त्या कार्डांच्या ‘ई१०००ई’ नावाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर गेला. कार्ड नासलंय म्हटल्यावर दोष कार्ड चालवणाऱ्याचाच असणार! उबंटूने चाचणी आवृत्तीतून तो ड्रायव्हर तात्पुरता बंदच केला. ती मेमरी लिहिण्यासाठी कुलूपबंद करणारा पॅच म्हणजे छोटी दुरुस्ती आली आणि नुकसान थांबलं. पण लिहीत कोण होतं, ते कळेना. ते कळलं तेव्हा ड्रायव्हर निर्दोष निघाला.

दोष होता ‘एफट्रेस’चा. कर्नलच्या आत कोणतं फंक्शन कधी चालतं ते टिपणारी ही सोय याच आवृत्तीत नव्याने आली होती. ती मेमरीतल्या फंक्शनांच्या पत्त्यांची यादी करून ठेवायची आणि नंतर त्या पत्त्यांवर जाऊन एक सूचना बदलायची. आता कर्नलमधला काही कोड फक्त सुरुवातीला लागतो. तो चालून गेला की त्याची जागा मोकळी करून दुसऱ्या कुणाला दिली जाते. घरात भाडेकरू बदलला, पण एफट्रेसच्या वहीत पत्ता जुनाच राहिला. काही मशीनवर नेमक्या त्या पत्त्यावर नेटवर्क कार्डाची कायमस्वरूपी मेमरी जोडली गेली होती. एफट्रेस तिथे गेलं. लिहिण्याआधी ‘इथे जुनी सूचनाच आहे ना?’ असं ते तपासतही होतं. पण त्यासाठी प्रोसेसरची जी सूचना वापरली होती ती जुळणी झाली नाही तरी वाचलेलंच मूल्य परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याला हुकूम देण्याच्या खणात मात्र काहीही लिहिलं की ते हुकूम मानलं जातं. २.६.२७.१ ही दुरुस्ती लगेचच आली आणि तिच्यात एकच बदल होता: एफट्रेसचा तो भाग बंद.

ही हकिकत मला वर्षानुवर्षं आठवत राहते, ती एका कारणासाठी. बिघाड दिसतो एका ठिकाणी आणि असतो भलतीकडेच. टेबलावर बसून कोड वाचणाऱ्या माणसाला ड्रायव्हरचा कोड बरोबर दिसला असता आणि एफट्रेसचाही जवळजवळ बरोबर दिसला असता. दोन्ही एका खऱ्या मशीनवर, एका विशिष्ट पत्त्यावर भेटले तेव्हाच दोष उघडा पडला. ती भेट घडवून आणणं हे चाचणी करणाऱ्याचं काम.

हे काम ठरलेल्या लयीत चालतं. कर्नलमध्ये नवे बदल घेण्यासाठी दोन आठवड्यांची खिडकी उघडते, ती बंद झाली की लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स पहिला ‘रिलीज कँडिडेट’ म्हणजे आरसी-१ काढतात. पुढे जवळजवळ दर रविवारी एक, असे आरसी-७ पर्यंत, कधी आरसी-८ पर्यंत. या आठवड्यांत नवं काही घेत नाहीत, फक्त दुरुस्त्या होतात. डेबियन या संचाची रीत वेगळी. तिथे नवं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा, आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं, तिथे काही दिवस निभावलं आणि गंभीर तक्रार आली नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं, आणि सगळं गोठवून, दोष निपटून मग ‘स्टेबल’ जाहीर होते. उबंटू नव्या आवृत्तीसाठी एप्रिल आणि ऑक्टोबर पाळते. फेडोरा या संचात आवृत्ती बाहेर काढायची की नाही याची बैठक होते आणि ठरवलेले निकष मोडणारा एक जरी दोष उरला असेल तरी सहसा तारीख पुढे जाते. फेडोरा १८ अशी दोन महिन्यांहून जास्त लांबली. इन्स्टॉलर नव्याने लिहिला होता आणि तो तयार नव्हता. ती जानेवारी २०१३ मध्ये आली. उशिरा आली याबद्दल तेव्हा पुष्कळ टीका झाली, मला ती रास्त वाटली नाही. ज्या इन्स्टॉलरने डिस्कचे भाग पाडायचे, तो घाईत सोडणं म्हणजे लोकांच्या फोटोंशी आणि हिशेबांशी खेळणं.

मग हे सगळं यंत्राकडून का करून घेत नाहीत? घेतात की. ओपनक्यूए नावाची प्रणाली आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनमध्ये सिस्टीम इन्स्टॉल करते, बटणं दाबते आणि पडद्यावरचं चित्र अपेक्षित चित्राशी ताडून पाहते. ओपनसुसे आणि फेडोरा दोन्ही ती वापरतात. पण आभासी मशीनचं वायफाय कधी तुटत नाही, त्याच्या लॅपटॉपचं झाकण कुणी मिटत नाही, त्याला जुना प्रिंटर जोडलेला नसतो. आणि यंत्र तेच तपासतं जे तपासायचं हे आधी कुणाला तरी सुचलेलं असतं.

शिवाय संख्येचं गणित आहे, आणि ते फार बोलकं आहे. समजा, एक दोष दर १,००० मशीनपैकी एकाच मशीनवर दिसतो. १०० जणांनी चाचणी केली तर त्यांच्यापैकी एकाला तरी तो दिसण्याची शक्यता किती? एका मशीनवर न दिसण्याची शक्यता ०.९९९, शंभर मशीनवर न दिसण्याची ०.९९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.९०५. म्हणजे दोष सापडण्याची शक्यता जेमतेम साडेनऊ टक्के. ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर सुमारे ३,००० मशीन लागतात. आणि हजारात एक हे प्रमाण लहान वाटलं तरी दहा लाख वापरकर्त्यांत ती हजार माणसं होतात. कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेत ३,००० वेगवेगळी, धूळ खाल्लेली, बॅटरी उतरलेली मशीन नसतात. ती लोकांच्या घरांत असतात.

तरीही काही दोष जाळ्यातून निसटतात. उबंटू १७.१० ऑक्टोबर २०१७ मध्ये बाहेर पडली आणि डिसेंबरमध्ये तिचं डाउनलोड काढून घ्यावं लागलं. एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सोयीत, केलेले बदल साठवलेच जाईनात. जानेवारीत दुरुस्त प्रत आली. बीटा वापरणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटलं, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. बायॉसच्या पडद्यावर आपण वर्षातून किती वेळा जातो? जिथे कुणी जातच नाही तिथला खड्डा कुणाच्या पायाखाली येणार?

नुसतं ‘चालत नाही’ म्हणून कळवणं पुरत नाही. दोष हाती लागणं म्हणजे तो पुन्हा घडवून दाखवता येणं. माझ्या चाचणीच्या जुन्या लॅपटॉपवर एका आरसीमध्ये झाकण मिटून उघडलं की टचपॅड मेलेला असायचा. आधीच्या आवृत्तीत तो ठीक चालत होता. चालू असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत बंद पडणं याला ‘रिग्रेशन’ म्हणतात आणि कर्नलच्या जगात हा सगळ्यांत मोठा गुन्हा मानतात. आता दोन आवृत्त्यांमध्ये बारा हजारांच्या आसपास बदल. त्यांतला गुन्हेगार कोणता? इथे ‘गिट बायसेक्ट’ कामाला येतं. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्यावर उघडतो आणि अर्धा कोश बाद करतो, तीच युक्ती. मधल्या बदलापर्यंतचा कर्नल बांधायचा, मशीन सुरू करायचं, झाकण मिटायचं, उघडायचं. टचपॅड चालला तर ‘चांगला’, नाही चालला तर ‘वाईट’. दर वेळी उरलेल्यांतले निम्मे बाद. बारा हजारांसाठी चौदा फेऱ्या पुरतात. मला शनिवार-रविवार दोन्ही दिवस लागले, आणि एका फेरीत मी घाईने चुकीचं उत्तर दिल्यामुळे पुन्हा मागे जावं लागलं. पण रविवारी रात्री पडद्यावर एकच बदल उरला. मला त्या बदलातल्या कोडच्या चार ओळीही नीट कळत नव्हत्या, तरी तो लिहिणाऱ्याला ‘इथे बघा’ असं बोट ठेवून सांगता आलं. प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही हे जमतं. त्याला लागतो तो धीर आणि नोंदी ठेवायची सवय.

नोंदींची आणि नजरेची किंमत २०२४ च्या मार्चमध्ये साऱ्या जगाला कळली. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अनस्टेबल आवृत्तीवर वेगाची मापं घेत होते. दूरच्या मशीनमध्ये शिरण्यासाठीची एसएसएच सेवा विनाकारण प्रोसेसर खाताना त्यांना दिसली. लॉगिनचा जो प्रयत्न ०.३ सेकंदात आटपायचा, त्याला ०.८ सेकंद लागत होते. अर्धा सेकंद! आपण तो चहाचा घोट घेताना सोडून दिला असता. ते त्याच्या मागे लागले आणि पोचले एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्याशा सॉफ्टवेअरपाशी. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता, आणि तोही चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींच्या पोटात दडवून. ‘जिआ टान’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदत करून तिथला विश्वास मिळवला होता. किल्ली जवळ असलेल्याला त्या दरवाजातून दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवे ते हुकूम चालवता आले असते.

२९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केलं. तोवर तो कोड डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या विकासातल्या आवृत्तीत, ओपनसुसेच्या सतत नवी होत राहणाऱ्या ‘टंबलवीड’मध्ये पोचला होता. डेबियन स्टेबलमध्ये मात्र नव्हता. उबंटूने २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजं नव्याने बांधली. बँकांचे, रुग्णालयांचे, सरकारी खात्यांचे सर्व्हर ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात त्यांच्या दाराशी येऊन ती गोष्ट थांबली. फ्रॉइंड काही चाचणीची यादी घेऊन बसले नव्हते, ते आपलं नेहमीचं काम अपुऱ्या आवृत्तीवर करत होते. मला वाटतं हीच सर्वांत मोलाची चाचणी. आपलं मशीन नेहमी कसं वागतं हे ज्याला हाताच्या सवयीने माहीत आहे, त्यालाच अर्धा सेकंद खटकतो.

मराठी माणसाला खटकतील अशा गोष्टी तर दुसऱ्या कुणाला दिसणारच नाहीत. आचार्यांना बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात केवढा फरक! दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. हा आडवा, पापणीसारखा अर्धा र हिंदीत नाही, त्यामुळे देवनागरी उत्तम वाचणाऱ्या हिंदीभाषक परीक्षकालाही तो मोडलेला दिसला तरी चूक वाटणार नाही. अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉन्टमध्ये किंवा कीबोर्डच्या मांडणीत बारीकसा बदल झाला की असे दोष डोकं वर काढू शकतात. भारतीय भाषांच्या लोहित फॉन्टचं बरंच काम पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून झालं आहे आणि फेडोरात नव्या आवृत्तीआधी भाषांसाठी खास चाचणी दिवस ठेवतात. फेडोराच्या ज्या व्यवस्थेत नव्या पॅकेजांवर लोक अधिक एक किंवा उणे एक असा कौल देतात तिचं नाव ‘बोधी’, आणि त्या गुणांना ‘कर्म’ म्हणतात. मराठी मजकुरासाठी तो कौल कुणी द्यायचा?

सुरुवात करायला मशीनवर काही चढवावंही लागत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा पुरतो. बीटाची प्रत त्यावर उतरवायची आणि मशीन त्यावरून ‘लाइव्ह’ सुरू करायचं, म्हणजे इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत डिस्कवरच्या आपल्या सिस्टीमला हात लागत नाही. तरी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप आधी घ्यायचाच, २००८ ची ती कार्डं विसरायची नाहीत. मग वायफाय जोडायचं, आवाज ऐकायचा, झाकण मिटून उघडायचं, मराठी कीबोर्ड निवडून एडिटर उघडायचा आणि दोन ओळी टाइप करायच्या: ‘आचार्यांना नमस्कार. आचाऱ्यांना विचारा, दऱ्याखोऱ्यांतून सुऱ्या आणि कुऱ्हाडी कुणी आणल्या?’ प्रत्येक र जागच्या जागी आहे का ते पाहायचं, नसेल तर पडद्याचा फोटो काढायचा आणि आवृत्तीचा क्रमांक, फॉन्टचं नाव आणि कोणत्या कळा दाबल्या ते लिहून दोष नोंदवायचा.