जुन्या बाजारातला टीव्ही तिथे पोचला कसा

पुण्याच्या पेठांतून मान वर करून चालायची सोय राहिलेली नाही, पण कधी चाललंच तर एखाद्या अजून न पाडलेल्या वाड्याच्या कौलांवर जुना अँटेना दिसतो. गंजलेला पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या चार-सहा नळ्या, त्यातल्या दोन वाकलेल्या. वाडा सदाशिवातला असो की कसब्यातला, पाइप वाऱ्याने फिरला नसेल तर अँटेनाचं तोंड नैऋत्येला, म्हणजे सिंहगडाकडे असतं. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारात जे लाकडी टीव्ही अधूनमधून येतात, त्यांची गोष्ट या अँटेनापासूनच सांगावी लागते.

दिल्लीत सप्टेंबर १९५९ पासून टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण चालू होतं. मुंबईला केंद्र मिळायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. पुणेकरांना त्याचा लगेच उपयोग नव्हता, कारण टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात आणि दोन शहरांच्या मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलेला आहे. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं, मुंबईचा कार्यक्रम तिथून शहरावर सोडायला सुरुवात झाली आणि पुण्यात टीव्ही आला. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, शहर साधारण ५६० मीटरवर. मनोऱ्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. पाठोपाठ १९७४ मध्ये टीव्हीचं प्रशिक्षण देणारा विभागही दिल्लीहून इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. म्हणजे प्रभातच्या जुन्या आवारात टीव्ही करायला शिकवत होते आणि चाळीत तो बघायला शेजाऱ्यांकडे चपला काढून बसत होते.

त्या वेळचा संच म्हणजे फर्निचरच. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचा 'ईसी टीव्ही' सगळ्यांना आठवतो. त्याशिवाय टेलिव्हिस्टा, क्राउन, वेस्टन, डायनोरा, सॉलिडेअर. पुढे केल्ट्रॉन, अपट्रॉन. वीस इंची काळी-पांढरी पिक्चर ट्यूब, चार पाय, सागवानी व्हिनिअरचं कॅबिनेट आणि पुढे दोन्ही बाजूंना सरकणारं पट्ट्यापट्ट्यांचं शटर, बऱ्याचदा कुलपासकट. कुलूप मुलांसाठी, असं मोठी माणसं सांगत. आत निम्मा कारभार व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, निम्मा ट्रान्झिस्टरचा. काही संचांत व्हॉल्व्हचे फिलॅमेंट दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असत. एक गेला की सगळे अंधारात. संच चालू असला की एक अगदी बारीक शिट्टी वाजत राही. सेकंदाला १५,६२५ वेळा आडव्या रेषा ओढणाऱ्या भागाचा तो आवाज. वडिलांना तो ऐकू येत नसे आणि मला यायचा. आता मलाही येत नाही.

टीव्हीला रेडिओसारखंच पोस्टाचं लायसन्स लागे. ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बंद झालं, पण कधीकधी अशा संचाच्या कॅबिनेटमध्ये ते पुस्तक अजून सापडतं. विकत घेताना मागचं झाकण उघडून बघण्याचं एक कारण हेही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हे संच मेले म्हणून टाकले गेले, असा आपला समज असतो. बहुतेक तसे नव्हतेच. पुण्यात टीव्ही टाकत नव्हते, दुरुस्त करत होते. मेकॅनिक सायकलवरून किंवा लुनावरून घरी यायचा, सोल्डरिंग गन, मीटर आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. सुटा माल बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी आणि तापकीर गल्लीत. ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा भाग) गेली, नवी टाकली. चित्र फिरायला लागलं, व्हर्टिकलचं काम केलं. ट्यूब वीक झाली की 'बूस्टर' लावून फिलॅमेंटला थोडा जास्त व्होल्टेज द्यायचा. चित्र वर्ष-दोन वर्षं पुन्हा उजळायचं आणि मग कायमचं मावळायचं. असा संच उघडला की दुरुस्त्यांचा इतिहास वाचता येतो. सोल्डरचे दोन-तीन वेगवेगळे हात दिसतात, कुणी मूळ कपॅसिटरशेजारी दुसरा उभा चिकटवलेला असतो, झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख घातलेली असते. माझ्याकडच्या एका संचात अशा चार तारखा आहेत. पहिली १९७९ ची, शेवटची १९९४ ची. पंधरा वर्षांत चार वेळा. आजच्या कुठल्या टीव्हीच्या नशिबी हे नाही.

मग तो घराबाहेर पडला कसा? पहिला धक्का रंगाचा. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ रंगीत दिसले. बाहेरून आलेल्या सुट्या भागांवर देशात रंगीत संच जुळवायला लागले. तरी काळा-पांढरा लगेच हटला नाही, कारण रंगीत महाग होता. लोकांनी पडद्यावर वर निळी, मध्ये नारिंगी, खाली हिरवी अशी प्लास्टिकची काच लावली. वर आकाश, खाली गवत. बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं दिसे, पण घरात रंगीत टीव्ही आला असं म्हणता येई. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा कितीतरी घरांत याच लाकडी डब्यांना हार घातले गेले, पुढे उदबत्ती लागली. ही उदबत्ती लक्षात ठेवा, साफसफाईत ती पुन्हा भेटते.

मला विचाराल तर लाकडी टीव्हीला रंगाने नाही, केबलने मारलं. जुन्या संचाचा ट्यूनर म्हणजे खटखट फिरणारं बटण, अकरा-बारा घरांचं. दूरदर्शनच्या एका-दोन चॅनलसाठी ती घरं भरपूर होती. १९९१-९२ नंतर केबलवाल्याच्या वायरीतून चॅनल येऊ लागले, आणि त्यातले बरेच लहरींच्या अशा पट्ट्यात, जो या ट्यूनरला पकडताच येत नव्हता. मध्ये कन्व्हर्टरचा डबा बसवून काही दिवस निभावलं. पण डबा वेगळा, टीव्ही वेगळा, रिमोट नाही, आणि दर वेळी कुणीतरी उठायचं. त्यातच नव्वदीच्या मध्यावर अकाईने जुना द्या, नवा न्या अशा एक्स्चेंजच्या जाहिरातींचा धडाका लावला. घरात पडलेल्या लाकडी डब्याला पहिल्यांदाच किंमत आली आणि तीच त्याची शेवटची किंमत ठरली. दुकानाच्या मागे हे संच एकावर एक रचलेले असत.

एक्स्चेंजमधून वाचले ते माळ्यावर गेले, गावी गेले, कामवाल्या मावशींकडे गेले, सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत गेले. आज हाती लागतात ते बहुतेक माळ्यावरचे. वाडा पाडायला निघाला की माळा रिकामा करावा लागतो आणि तिथून निघालेला टीव्ही पुन्हा कुणाला वर चढवायचा नसतो.

पुढचं लवकर उरकलं. चपटे टीव्ही स्वस्त झाले. ३१ मार्च २०१३ ही पुण्यातली केबल डिजिटल करण्याची मुदत होती, त्यानंतर सेट-टॉप बॉक्स नसलेल्या संचावर मुंग्याच. उरलंसुरलं दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपणही मार्च २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ संपलं. जुना संच ठणठणीत असला तरी त्याला हवेतून पकडायला आता काही नाही.

भंगारवाल्याला टीव्हीत रस असतो तो तांब्यापुरता. ट्यूबच्या मानेवर योक नावाचं तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, रंगीत संचात ट्यूबभोवती आणखी एक मोठं. ते काढण्याचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे मानेवर हातोडीचा एक टोला. फुस्स असा आवाज होतो, हवा आत जाते आणि ट्यूब संपते. उरते ती काच. रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त शिशाचं ऑक्साइड असतं. क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून ते घातलेलं. पूर्वी ती काच वितळवून पुन्हा ट्यूबच करता येई; आता ट्यूबच कुणी बनवत नाही, त्यामुळे तिला गिऱ्हाईक नाही. ई-कचऱ्याचे नियम देशात १ मे २०१२ पासून लागू झाले आणि टीव्ही त्यात आहेच. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते. तरी नदीकाठी टाकलेली ट्यूबची काच मी स्वतः पाहिली आहे.

म्हणून जुन्या बाजारात लाकूड बघण्याआधी मान बघायची. मागचं झाकण काढायला लावून टॉर्च मारा. मानेचं टोक शाबूत आहे का? व्हॉल्व्हच्या माथ्यावर आणि बऱ्याच ट्यूबांच्या मानेजवळ आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. निर्वात ठेवण्यासाठी आत उडवलेल्या धातूचा तो थर. डाग चंदेरी किंवा काळपट असेल तर आशा आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली. पन्नास वर्षांच्या आयुष्याचा निकाल एवढ्याशा डागावर लागतो, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं समजू नका.

आता साफसफाई. बारीक शिट्टी वाजवणारा तोच भाग ट्यूबसाठी १५ हजार व्होल्टच्या आसपास तयार करतो, रंगीत संचात २५ हजारांच्या घरात. इतक्या व्होल्टेजकडे धूळ आपोआप ओढली जाते. म्हणून टीव्हीतली धूळ कपाटामागच्या धुळीसारखी भुरभुरीत नसते. काळी, बुरशीसारखी, बोटाला चिकटणारी. त्यात फोडणीचा धूर असतो, उदबत्तीचा असतो, आणि देवघर शेजारी असेल तर निरांजनाची काजळीही. लाल रबरी टोपीखालून जाणाऱ्या जाड वायरीपाशी ती सगळ्यात दाट बसते. एकदा तिथे वाळून चामडं झालेली पाल निघाली. ती गेली त्या दिवशीच संच बंद पडला असणार.

बंद संचातही ट्यूब विजेचा हा भार धरून ठेवते, कारण आतून-बाहेरून काळा लेप दिलेली ती काच म्हणजे एक मोठा कपॅसिटरच. शिवाय पुष्कळ जुन्या संचांत लोखंडी सांगाड्यालाच मेन्सची एक बाजू जोडलेली असते. मेकॅनिकच्या हातातल्या त्या लांब स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधलेली का असे, ते इथे कळतं: ट्यूबमधला भार आधी उतरवून टाकायला. मी अजूनही हा पहिला अर्धा तास एका जुन्या मेकॅनिक काकांना शेजारी बसवून घालवतो. ते चहा पितात आणि "हात खिशात" म्हणतात. एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही.

त्यानंतर रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर, गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून. बटणं फिरवताना खरखर येत असेल तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर. वीज एकदम द्यायची नाही. शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे वीज त्या दिव्यातूनच संचात जाईल असा. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पेटून हळूहळू मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. लाकडाला चपड्याचं स्पिरिट पॉलिश, तेही कोपऱ्यात करून बघून.

कोपऱ्यात करून बघायचं, हे मी उशिरा शिकलो. पहिल्या संचाच्या पुढच्या पट्टीवर चाळीस वर्षांचं तेलकट मेण होतं. साबणाने निघेना म्हणून मी थिनर घेतला. मेण निघालं. त्याबरोबर ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, व्हॉल्यूम ही सोनेरी अक्षरंही निघाली, एका हातासरशी. आता त्या संचाला तीन निनावी बटणं आहेत आणि पाहुण्यांना मी ती फिरवू देत नाही.

तो संच चालतो मात्र. सेट-टॉप बॉक्सला एक छोटा मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचं जुन्या टीव्हीला पकडता येईल अशा चॅनलमध्ये रूपांतर करणारा डबा, लावून चित्र ट्यूनरच्या एका घरात घातलं आहे. ट्यूब बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची, थकलेली; चित्र यायला तीन-चार मिनिटं लागतात. आधी आवाज, मग करडं धुकं, मग माणसं.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात असाच एक दिसला. शटर दोन्ही बाजूंनी सरकत होतं, पाय चारही जागेवर, पॉलिशही नुकतंच केलेलं. मी मागे जाऊन वाकून पाहिलं. आत काहीच नव्हतं, ट्यूब नाही, सांगाडा नाही.

"आतलं काढून टाकलंय साहेब," विकणारा म्हणाला. "वीस इंची फिश टँक बरोबर बसतो."