पार्श्वभूमी : नांगर विकणारे चित्रकार

मराठी जाहिरातकलेची गोष्ट सांगायची म्हटली की सुरुवात हमखास गिरगावातून होते. १९०५ साली बी. दत्ताराम ही एजन्सी निघाली, १९२९ मध्ये जे. वॉल्टर थॉमसन ही अमेरिकी एजन्सी मुंबईत आली, आणि पुढचं सगळं मुंबईचंच. सांगली-साताऱ्याच्या वाट्याला फार तर 'पोरं तिकडून यायची' एवढं वाक्य येतं. हे काही खरं नाही.

इथली जाहिरात कारखान्याच्या आवारात वाढली, कारण माल विकेना. लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. तो काढायचा तर आधी दाखवायला आणि समजवायला हवं होतं.

नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आलं, मग रंग सुटले आणि यांत्रिक ड्रॉइंग हाती आलं. तेच त्यांनी पुढे मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं. कारखान्याची बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. हे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. औंधचं संग्रहालय त्यांचंच. प्रभाकर कंदील करणारी ओगलेवाडीही औंध संस्थानातच. (औंध आज साताऱ्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत असली, तरी सांगली जिल्हा वेगळा झाला तो १९४९ मध्ये, तोही 'दक्षिण सातारा' या नावाने.)

खरा डाव मांडला तो लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी. तेही चित्रकार, चित्रकार पंडित सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेले. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवावी, एवढाच आधी हेतू. पण नुसती मालाची तारीफ दर महिन्याला कोण वाचणार? हळूहळू लेख, कथा, चित्रं वाढली, 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. जाहिरातीसाठी काढलेल्या पत्रकातून मराठी मध्यमवर्गाची मासिकं उभी राहिली. एवढी लांब उडी मारलेली दुसरी जाहिरात मला तरी आठवत नाही.

पुढचा काळ पेंटर लोकांचा. रंगात बुडवलेली सुतळी भिंतीवर ताणून फटकारायची, त्या रेघांत अक्षरं बसवायची, कोपऱ्यात 'अमुक आर्ट्स' अशी सही ठोकायची. बोर्ड पाहून पेंटर ओळखता यायचा. फ्लेक्स आले आणि कोरल ड्रॉ, श्रीलिपी ही संगणकावरची सॉफ्टवेअर शिकलेला पोरगा तासाभरात वाढदिवसाचे डझनभर बोर्ड उरकू लागला. स्वस्त झालं, हे कबूल. पण मिरजेपासून कराडपर्यंत सगळ्या शुभेच्छा एकाच हाताच्या वाटू लागल्या.

सध्या काम आहे ते पॅकेजिंगमध्ये. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्यालाही मिळालेलं आहे. तरी दुकानातली पाकिटं उलटून पाहा: पिवळी पार्श्वभूमी, नेटवरून उचललेलं हळकुंड आणि कुठल्याही गावाला चालेल असा लोगो. स्थानिक डिझायनरला काम आहे, पैसे मात्र छपाईवाल्याला मिळतात. डिझाइन 'त्यातच करून द्या' म्हणून मागितलं जातं.