मालवितरण साखळी (सोलापूर)

कारखान्यात तयार झालेला माल घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांमार्फत गिऱ्हाइकापर्यंत पोचवणारी व्यवस्था. सोलापुरात तिची दोन्ही टोके एकाच शहरात दिसतात. साबण, चहा, बिस्किटे बाहेरून येऊन इथे खपतात, तर चादर आणि टॉवेल इथून देशभर जातात. दोन्ही दिशांना माल ट्रकने जातो हे खरे, पण साखळी टिकून असते ती उधारीवर.

बाहेरून येणारा पॅकबंद माल कंपनीच्या गोदामातून निघतो. भिवंडीसारख्या ठिकाणी ही गोदामे सांभाळणारा सी अँड एफ (कॅरिंग अँड फॉरवर्डिंग) एजंट मालाचा मालक नसतो. तो कमिशनवर माल ठेवतो आणि पाठवतो. माल विकत घेतो तो शहरातला वितरक. कंपनीला तो बहुधा आगाऊ किंवा थोड्या दिवसांत पैसे देतो, दुकानदाराकडून मात्र आठवड्या-पंधरवड्याने वसूल करतो. या दोन तारखांमधले अंतर पेलण्याची ताकद म्हणजेच त्याचे भांडवल. सेल्समन ठरलेल्या वारी ठरलेल्या बीटवर (दुकानांच्या फेरीवर) फिरून ऑर्डर घेतो आणि पुढच्या फेरीत टेम्पो माल टाकून जातो.

अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळकडच्या लहान गावांत हा टेम्पो परवडत नाही. तिथला दुकानदार एसटीने किंवा पिकअपने सोलापूर गाठतो आणि घाऊक पेठेतून चार कंपन्यांचा माल एकदमच उचलतो. घाऊक व्यापाऱ्याचा दर कधी कधी वितरकापेक्षाही कमी निघतो, हे नवख्याला कोडे वाटते. महिनाअखेरीस टार्गेट गाठायला वितरक स्कीमसह (कंपनीच्या सवलतीसह) जादा माल घाऊकवाल्याला देतो आणि घाऊकवाला त्या सवलतीचा काही भाग गिऱ्हाइकाला सोडून रोखीने विकतो. कंपन्यांना हे आवडत नाही, पण खेड्यातल्या फळीवर त्यांचा माल पोचतो तो बव्हंशी याच वाटेने.

करांच्या बदलांनी या रचनेला मोठे वळण दिले. जकात गेल्यावर आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. त्याआधी परराज्यातील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागत असे आणि तो टाळायला कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत; जीएसटीनंतर ती गरज उरली नाही. कर्नाटकातील विजयपूर आणि कलबुर्गी जिल्हे लागूनच असल्याने सोलापूरच्या घाऊक बाजाराला हा बदल विशेष जाणवण्याजोगा होता. आंतरराज्य वाहतुकीत ५०,००० रुपयांवरील मालाला साधारणपणे ई-वे बिल (वाहतुकीचा ऑनलाइन परवाना-कागद) लागते.

चादरीची साखळी उलट्या दिशेची आणि अधिक गुंतागुंतीची आहे. सूत व्यापारी उधारीवर सूत देतो, ते रंगवून यंत्रमागावर चादर विणली जाते आणि बाहेरगावचा घाऊक व्यापारी गाठी मागवतो. शहराच्या पूर्व भागातील अनेक कारखानदार मूळच्या तेलंगणातील पद्मशाली समाजाचे आहेत. बिल्टीसह (वाहतूकदाराच्या पावतीसह) गाठ ट्रान्सपोर्टला लागली की कारखानदाराची खरी चिंता सुरू होते: पैसे कधी येणार? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला, प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तरतूद कारखानदाराच्या बाजूची असली, तरी जुने गिऱ्हाईक दुखवायचे की नाही, हा निर्णय शेवटी त्यालाच घ्यावा लागतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे; तरी त्याच नावाने इतरत्र विणलेल्या चादरीही विकल्या जातात आणि लांबच्या शहरातल्या गिऱ्हाइकाला फरक कळणे कठीण असते.

औषधांची साखळी परवान्यांनी बांधलेली आहे. तिथे किमतीही नियमाने बांधलेल्या असतात: औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ मध्ये कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यांना पडणाऱ्या सरासरी दरावर १६ टक्के त्यांचा वाटा म्हणून धरले जातात.

माल उलटही फिरतो. मुदत संपलेली बिस्किटे, फुटलेल्या बाटल्या, न खपलेली औषधे दुकानातून वितरकाकडे आणि तिथून कंपनीकडे जातात. रोख रक्कम क्वचितच परत येते. बहुधा क्रेडिट नोट (तेवढी रक्कम जमा दाखवणारी चिठ्ठी) निघते आणि ती पुढच्या बिलात वळती होते. ती येईपर्यंतचा बोजा कोणी उचलायचा, यावरून वितरक आणि दुकानदार यांची नेहमीच घासाघीस चालते.