सिस्टिनोसिस की सिस्टिन्यूरिया?

दोन्ही आजार आनुवंशिक, दोन्ही दुर्मीळ, दोन्हींत घोटाळा सिस्टीन या अमिनो आम्लाचाच आणि दोन्हींची झळ मूत्रपिंडाला. नावं कानाला सारखीच लागतात. सिस्टीन साचतं कुठे, एवढं विचारलं की मात्र दोघांच्या वाटा लगेच वेगळ्या होतात.

सिस्टिन्यूरियात ते लघवीत साचतं. गाळून आलेलं सिस्टीन मूत्रपिंडातल्या सूक्ष्म मूत्रनलिका रक्तात परत घेत नाहीत. लायसिन, आर्जिनिन, ऑर्निथिन ही आणखी तीन अमिनो आम्लंही तशीच वाहून जातात, पण ती विरघळून जातात. सिस्टीनचं तसं नाही; लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅमच्या पुढे ते खडे धरू लागतं. लघवीच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली सपाट षटकोनी स्फटिक दिसले की निदान जवळपास पक्कंच. मुतखडे पुन्हा पुन्हा होतात, बाकीचे अवयव सहसा शाबूत राहतात.

सिस्टिनोसिस हा त्याहून फार दांडगा आजार. इथे सीटीएनएस जनुक बिघडल्यामुळे सिस्टीन पेशींच्या आत, लायसोसोम नावाच्या पचनपिशव्यांमध्ये कोंडलं जातं आणि पेशी तर सगळ्याच अवयवांत असतात. नेहमीच्या प्रकारात बाळ वर्षाचं होण्याआधीच मूत्रनलिका फॉस्फेट, पोटॅशियम, ग्लुकोज असं सगळंच गमावू लागतात. मूल सारखं पाणी मागतं, वाढ खुंटते, मुडदूस होतो. कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, स्फटिक चमकतात, उजेड सोसत नाही. पुढे थायरॉइड, स्वादुपिंड, स्नायूंचाही नंबर लागतो. उपचार नसले तर दहाव्या वर्षाच्या आसपास मूत्रपिंडं निकामी होतात.

खरी गफलत तपासणीत होते. सिस्टिनोसिसमध्येही लघवीतून सगळीच अमिनो आम्लं जातात, त्यात सिस्टीनही आलं. म्हणून नुसतं लघवीतलं सिस्टीन वाढलंय यावर निकाल देऊ नये. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधलं सिस्टीन मोजावं लागतं.

पाण्याचं गणितही उलटं आहे. सिस्टिनोसिसमध्ये तहान हे लक्षण, तर सिस्टिन्यूरियात तहान नसतानाही भरपूर पाणी पिणं, अगदी रात्री उठूनसुद्धा, हाच पहिला उपचार. जोडीला मीठ कमी आणि लघवी अल्कधर्मी करणारं पोटॅशियम सायट्रेट. सिस्टिनोसिसला सिस्टिअमीन लागतं. ते पेशीतलं सिस्टीन बाहेर काढतं, पण पोटातून घेतलेलं औषध कॉर्नियापर्यंत पोचत नाही, म्हणून डोळ्यांचे थेंब वेगळे. मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं तर नव्या मूत्रपिंडात हा आजार परतत नाही, कारण त्याच्या पेशी दात्याच्या असतात. बाकी शरीरात सिस्टीन साचतच राहतं, त्यामुळे सिस्टिअमीन प्रत्यारोपणानंतरही सुरूच ठेवावं लागतं.